जर्नल परवडत नाही आणि खंड टिकत नाही

गेल्या महिन्यात वांद्रे पूर्वेला एका रद्दीच्या दुकानात मला 'अस्मितादर्श'चे अकरा जुने अंक सापडले. सुतळीने बांधलेला गठ्ठा, वर कुणाची तरी दहावीची गाइडं, खाली इंग्रजी पेपर. आमच्या शासकीय वसाहतीतल्या इमारती एकेक करून रिकाम्या होत आहेत, त्या जागेवर उच्च न्यायालयाची नवी वास्तू होणार आहे. तीस-चाळीस वर्षे क्वार्टर्समध्ये काढलेली कुटुंबे बदलापूर-टिटवाळ्याला जाताना फ्रिज नेतात, बाबासाहेबांची तसबीर नेतात, आणि आजोबांचे कागद पोत्यात भरून रद्दीवाल्याला देऊन टाकतात. दुकानदाराने गठ्ठा काट्यावर टाकला आणि चाळीस रुपये सांगितले. एका अंकात जांभळ्या शाईचा शिक्का होता, कुठल्याशा तरुण मंडळाच्या वाचनालयाचा. पिना गंजून कागदाला भोके पडली होती आणि आठ पाने निसटून गेली होती. कोणता लेख गेला ते अनुक्रमणिकेवरून कळले. लेख मात्र गेलाच.

त्याच आठवड्यात मला एक इंग्रजी शोधनिबंध हवा होता, मुंबईतल्या पुनर्वसन वसाहतींवरचा. सारांश फुकट होता, त्याच्याखाली कुलूप आणि किंमत ३७ डॉलर. म्हणजे तीन हजारांच्या वर, एका लेखाला, वीस-बावीस पानांना. मी समाजकार्य करते, पगार किती असतो ते तुम्हाला ठाऊक आहे.

हे दोन प्रसंग माझ्या डोक्यातून जात नाहीत. आपण स्वतःविषयी जे लिहिले ते किलोवर चालले आहे आणि आपल्याविषयी दुसऱ्यांनी जे लिहिले ते डॉलरमध्ये विकले जाते आहे. जर्नलच्या किमतीबद्दल आणि बांधणीबद्दल कुरकुर करणे हा आरामखुर्चीतल्या संग्राहकांचा छंद आहे असे काही कार्यकर्त्यांना वाटते. मला तसे वाटत नाही. किमतीवरून ठरते की कोण संदर्भ देऊन बोलू शकेल. बांधणीवरून ठरते की पन्नास वर्षांनी कोणाचा संदर्भ शिल्लक असेल.

आधी किमतीचे बघू. शोधनिबंध लिहिणाऱ्याला जर्नलकडून मानधन मिळत नाही. तो तपासणाऱ्या तज्ज्ञालाही नाही. दोघांचा पगार बहुधा सरकारी विद्यापीठातून, म्हणजे तुमच्या-माझ्या करातून येतो. आणि ज्या वस्तीवर लेख लिहिला त्या वस्तीतल्या बाईने दोन तास बसून माहिती दिलेली असते, वर चहा पाजलेला असतो. असे संशोधक मी स्वतः भारतनगरमध्ये, बेहरामपाड्यात फिरवले आहेत. त्यातल्या एक-दोघांनी नंतर आठवणीने लेखाची पीडीएफ पाठवली, ही त्यांची माणुसकी. बाकीच्यांचे लेख कुलपात आहेत. एल्सेवियर या सर्वात मोठ्या जर्नल कंपनीच्या या धंद्यातला नफा शेकडा ३५ च्या वर असतो. कच्चा माल फुकट, मजुरी फुकट आणि गिऱ्हाईक अडलेले, असा धंदा आमच्या बीकेसीतल्या हिरेवाल्यांनाही जमलेला नाही.

समाजशास्त्राची विद्यार्थिनी म्हणून मला याचे जास्त लागते, कारण हा विषय या शहरातच वाढला. मुंबई विद्यापीठाचा समाजशास्त्र विभाग १९१९ चा. घुर्ये यांनी इंडियन सोशिऑलॉजिकल सोसायटी इथेच काढली आणि १९५२ मध्ये 'सोशिऑलॉजिकल बुलेटिन' सुरू झाले. घुर्ये यांच्या जातीविषयक मांडणीशी आपले भांडण आहे आणि ते राहीलच, पण ते जर्नल एका विद्वत्सभेचे होते. आज ते सेजकडून निघते. 'कॉन्ट्रिब्यूशन्स टू इंडियन सोशिऑलॉजी', जे ड्यूमाँ आणि पोकॉक यांनी १९५७ मध्ये सुरू केले, तेही सेजकडेच. भारतीय जातीवरचे निम्मेअधिक वाद या दोन जर्नलांमध्ये झाले असतील. ते वाद ज्यांच्या जगण्यावर झाले त्यांच्यापैकी किती घरांत एक तरी अंक आहे?

सरकारने यावर उपाय काढला आहे, हेही सांगायला हवे. 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' ही योजना मंत्रिमंडळाने २५ नोव्हेंबर २०२४ ला मंजूर केली. तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये, ३० प्रकाशक, जवळपास १३,००० जर्नल्स, ६,३०० च्या आसपास सरकारी संस्था. सरकारी विद्यापीठात शिकणाऱ्या आपल्या मुलामुलींना याचा फायदा होतो आहे, मी त्यांच्याकडूनच ऐकते. पण खासगी विनाअनुदानित कॉलेजात बीए करणारी खेरवाडीची मुलगी यात येत नाही. एमए होऊन नोकरीला लागलेली मी येत नाही. विहारातले वाचनालय तर नाहीच. आणि ६,००० कोटी कुणाच्या खिशात जातात, तर त्याच प्रकाशकांच्या. कुलूप काढलेले नाही, काही लोकांसाठी किल्ली भाड्याने घेतली आहे.

आता बांधणी. जरा तपशिलात जाते, कारण याविषयी आपल्याकडे कुणी बोलत नाही.

पुस्तक छापताना मोठा कागद घड्या घालून सोळा पानांचा फर्मा होतो. जुन्या पद्धतीत प्रत्येक फर्मा मधोमध दोऱ्याने शिवतात, मग सगळे फर्मे एकमेकांना शिवतात, पाठीवर कापड चिकटवतात आणि पुठ्ठा चढवतात. असे पुस्तक टेबलावर उघडून ठेवले की उघडेच राहते. दोरा कुजला तरी घडी तशीच राहते, परत शिवता येते. आताच्या पद्धतीत फर्म्याची पाठ यंत्राने कापून टाकतात, सगळी पाने सुटी करतात आणि पाठीला गरम गम लावतात. याला 'परफेक्ट बाइंडिंग' म्हणतात. नाव ठेवणाऱ्याने चांगलीच गंमत केली आहे. मुंबईच्या दमट हवेत आणि पत्र्याच्या घरातल्या मे महिन्यात तो गम कडक होतो, तडकतो, आणि मग एकेक पान हातात येते.

जर्नल जमवणाऱ्याचे दुखणे याहून वेगळे आहे. वर्षभराचे अंक एकत्र बांधायला न्यावेत तर गमाने चिकटवलेल्या अंकाची पाठ पुन्हा कापावी लागते. तिथे अर्धा-पाऊण सेंटिमीटर जातो. मग बांधलेल्या खंडात ओळीचा शेवट मधल्या घळीत शिरतो, झेरॉक्स काढली की काळा पट्टा येतो आणि नेमका आकडा त्या पट्ट्यात असतो. 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली' मधोमध पिन मारलेले असते, म्हणून ते बांधायला बरे, पण सहा महिन्यांचे सव्वीस अंक म्हणजे दोन हजारांच्या आसपास पाने. एका पुठ्ठ्यात बसत नाहीत, आणि बांधण्यापूर्वी प्रत्येक पिन काढली नाही तर दोन पावसाळ्यांत गंज पानापानांत उतरतो.

एमएला असताना ज्या ग्रंथालयात मी बसायचे तिथे पन्नास-साठच्या दशकातले खंड कापडी पाठीचे, शिवलेले होते. धूळ झटकली की ताठ उभे. नव्वदनंतरचे खंड मात्र रबरबँड लावून ठेवलेले. एका परदेशी प्रकाशकाचे जातीवरचे पुस्तक मी तीन महिने पैसे साठवून घेतले, साडेचार हजार रुपये. कडक पुठ्ठा, वर चकचकीत वेष्टन, आणि आत गम. ९७ व्या पानावर पाठ तडकली. विक्रेत्याला सांगितले तर म्हणाला, "मॅडम, पुस्तक इतकं उघडायचं नसतं." पुस्तक उघडायचे नाही तर करायचे काय, हे त्याने सांगितले नाही.

म्हणजे जास्त पैसे मोजले की चांगली बांधणी मिळते हा भ्रम आहे. तसाच उलटा भ्रम आपल्याकडे आहे, की स्वस्त आहे ना, मग तक्रार कशाला.

इथे मी बाबासाहेबांच्या सरकारी खंडांकडे येते, आणि इथे आपल्यातलेच काही लोक रागावतील. 'डॉ. बाबासाहेब आंबेडकर रायटिंग्ज अँड स्पीचेस'चा पहिला खंड १४ एप्रिल १९७९ ला आला. वसंत मून यांनी हे काम किती खस्ता खाऊन उभे केले ते नव्या पिढीने समजून घ्यायला हवे. किमती मुद्दाम कमी ठेवल्या गेल्या, आणि ते शंभर टक्के योग्य होते. गिरणी कामगाराच्या, सफाई कामगाराच्या घरात जाड इंग्रजी ग्रंथ पोहोचले ते या किमतीमुळे. माझ्या वडिलांनी चतुर्थश्रेणीच्या पगारातून चर्नी रोडच्या शासकीय ग्रंथागारात रांग लावून खंड आणले. त्यांना इंग्रजी वाचता येत नव्हते. "तू वाचशील," म्हणायचे.

पण आमच्या अभ्यासवर्गात अठराव्या खंडाचा, म्हणजे मराठी भाषणांचा, जो भाग दर रविवारी वाचला जातो त्याची अवस्था बघा. दोन वर्षांत पाठ सुटली. पाने मागेपुढे झाली. एकदा एक ताई मोठ्याने वाचत होत्या, वाक्य जुळेना, तेव्हा कळले की मधली चार पाने नाहीत. पाचशे-सातशे पानांचा ग्रंथ, दहा जणांच्या हातात फिरणारा, मांडीवर उघडून वाचला जाणारा, त्याची बांधणी कपाटात ठेवण्याच्या पुस्तकासारखी कशी चालेल? बाबासाहेबांचे खंड शोभेसाठी घेतले जातील असे गृहीत धरले की बांधणीचा विचार होत नाही. ते वाचले जातील असे गृहीत धरले तर पहिला प्रश्न दोऱ्याचा येतो.

आणि बांधणीचा प्रश्न यायला खंड मिळायला तर हवा. डिसेंबर २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने 'लोकसत्ता'च्या बातमीची स्वतःहून दखल घेतली, ती आठवते का? २०१७ मध्ये नऊ लाख प्रती छापायचे ठरले, ५ कोटी ४५ लाखांचा कागद घेतला, आणि चार वर्षांत छापल्या गेल्या ३३ हजार प्रती. बाकीचा कागद गोदामात पडून. इंदू मिलच्या स्मारकाचा खर्च हजार कोटींच्या पुढे गेला आहे. स्मारक व्हावे, मी त्याच्या विरोधात नाही. पण साडेपाच कोटींचा कागद गोदामात पिवळा पडत होता तेव्हा आपल्या किती संघटनांनी मोर्चा काढला? न्यायालयाने वृत्तपत्र वाचून विचारले, तोवर आपण विचारले नव्हते. यात मीही आले.

एक गोष्ट आपण जयंतीच्या भाषणात नेहमी सांगतो. बाबासाहेबांनी न्यूयॉर्कमध्ये जवळपास दोन हजार जुनी पुस्तके विकत घेतली होती, त्यातली बरीच त्यांच्यापर्यंत पोहोचलीच नाहीत. १९१७ मध्ये लंडनहून परतताना सामानाची बोट पाणबुडीने बुडवली, त्यातही पुस्तके गेली. आणि मग राजगृह बांधले ते ग्रंथांसाठी. टाळ्या पडतात. पण त्याच बाबासाहेबांची आणखी एक गोष्ट आपण सांगत नाही. 'कास्ट्स इन इंडिया' हा निबंध त्यांनी ९ मे १९१६ ला कोलंबियात वाचला आणि तो मे १९१७ च्या 'इंडियन अँटिक्वरी'त छापून आला. ते जर्नल विद्वानांचे, संस्थांच्या कपाटांतले. पुढे १९४४ मध्ये 'अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट'च्या तिसऱ्या आवृत्तीच्या प्रस्तावनेत ते लिहितात की हा निबंध त्यात गुंफून नव्याने मांडायचे मनात होते, पण वेळ मिळाला नाही. 'अ‍ॅनिहिलेशन'च्या पहिल्या १,५०० इंग्रजी प्रती दोन महिन्यांत संपल्या होत्या, आणि जर्नलमधला निबंध त्या वाचकापर्यंत न्यावा असे लेखकालाच वाटत होते. पहिल्या सरकारी खंडात दोन्ही एका पुठ्ठ्यात आले. म्हणजे तो खंड उसवतो तेव्हा नुसते पुस्तक उसवत नाही, बाबासाहेबांना जे करायला वेळ मिळाला नाही आणि पुढे जे झाले, ते उसवते.

"ताई, आता सगळं पीडीएफमध्ये आहे," हे मला प्रत्येक वेळी ऐकवले जाते. आहे. परराष्ट्र मंत्रालयाच्या संकेतस्थळावर खंड आहेत, मी स्वतः एमए त्याच्यावर केले, आणि ज्याने स्कॅन करून टाकले त्याचे भले होवो. पण विहारात येणाऱ्या साठीच्या आजींना मोबाइलवर अठरावा खंड वाचून दाखवा बघू. शिवाय पीडीएफ कुठून तरी उतरवावी लागते, म्हणजे आधी कुणाकडे तरी पूर्ण, पाने न गळालेली प्रत असावी लागते. 'मूकनायक' आणि 'बहिष्कृत भारत' शासनाने १९९० मध्ये पुन्हा छापले ते कुणाकुणाच्या घरात अंक जपून ठेवले होते म्हणून. त्या घरांनी ते अंक किलोवर दिले असते तर आज स्कॅन कशाचे केले असते?

२०१६ संपले तसा बाबासाहेबांच्या लिखाणावरचा कॉपीराइट संपला, त्यांच्या निधनाला साठ वर्षे झाली. त्यानंतर खासगी प्रकाशकांचा पूर आला. सहा डिसेंबरला शिवाजी पार्कवर बघा, 'जातिसंहार' किती रूपांत मिळते. काही प्रती चांगल्या आहेत. पुष्कळ प्रतींत मुद्रितशोधन नाही, टिपा गाळलेल्या आहेत, आणि दादरहून वांद्र्याला येईपर्यंत मुखपृष्ठ वेगळे होते. आपले लोक त्या दिवशी उपाशी राहून पुस्तक घेतात हो. त्यांना तडकणारा गम विकताना जय भीम म्हणू नका.

झेरॉक्सबद्दल मनात भीती असेल तर तीही काढून टाका. ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि टेलर अँड फ्रान्सिस यांनी दिल्ली विद्यापीठातल्या रामेश्वरी फोटोकॉपी सर्व्हिसवर खटला भरला होता. १६ सप्टेंबर २०१६ ला दिल्ली उच्च न्यायालयाने तो फेटाळला, डिसेंबरमध्ये खंडपीठानेही शिक्षणासाठी अभ्यासक्रमाच्या प्रती काढण्याचा हक्क मान्य केला. शिकवण्यासाठी, शिकण्यासाठी लेखाची प्रत काढणे ही चोरी नाही. आमच्या वर्गातली मुले ज्या लेखांसाठी अडतात त्यांच्या लेखकांना आम्ही आता सरळ ईमेल करतो, की अमुक वस्तीतला अभ्यासवर्ग आहे, आपला लेख वाचायचा आहे. दहापैकी सहा-सात जण पाठवतात. लाजू नका, मागा.

सरकारकडे माझी मागणी साधी आहे. चरित्र साधने समितीने खंडाच्या दोन आवृत्त्या काढाव्यात. एक आजच्यासारखी स्वस्त, घरोघर जाणारी. दुसरी वाचनालयांसाठी, शिवलेली, कापडी पाठीची, थोडी महाग असली तरी चालेल, कारण ती शंभर हातांतून जाणार आहे. निविदेत कागदाचा प्रकार आणि बांधणीचा प्रकार स्पष्ट लिहावा आणि छापून आलेला माल त्याप्रमाणे तपासून घ्यावा. रस्त्याच्या डांबराची जाडी मोजतात, मग दोरा का तपासू नये? आपल्या नियतकालिकांच्या संपादकांनाही विनंती आहे. तुम्ही पदरमोड करून अंक काढता हे मला माहीत आहे. विलास वाघ आणि गंगाधर पानतावणे यांनी तेच केले, आयुष्य घातले. शिलाई परवडत नसेल तर निदान पाठीकडचा समास मोठा सोडा, म्हणजे पुढे कुणी बांधायला घेतले तर ओळ कापली जाणार नाही. याला खर्च शून्य आहे.

विहारांच्या विश्वस्तांशी माझे गेली दोन वर्षे भांडण चालू आहे. गेल्या जयंतीला आमच्या भागात एका दिवसाच्या डीजेला जे पैसे गेले त्यात विहारातले सगळे खंड तीन वेळा बांधून झाले असते. हे बोलले की "ताई, तुम्हाला आनंद बघवत नाही" असे ऐकावे लागते. नाचा, मी पण नाचते. पण हिशेबाच्या वहीत बांधणीसाठी एक रकाना असू दे.

यंदा शेवटी आम्ही वाट न बघता सुरुवात केली. वर्गणी काढली, एकूण चार हजार दोनशे जमले. खेरवाडीच्या मागे एक वयस्कर बाइंडर काका आहेत, पूर्वी एका छापखान्यात होते, आता लग्नपत्रिका आणि हिशेबाच्या वह्या बांधतात. त्यांनी खंड हातात घेतला, पाठ चाचपली आणि म्हणाले, "याला फर्माच राहिला नाही पोरी, शिवू कशाला?" मग त्यांनी आम्हाला शिकवले. सुटी पाने नीट लावून पाठीपासून थोडे आत छोट्या गिरमिटाने भोके पाडायची आणि जाड दोऱ्याने आडवी शिलाई घालायची. पाठीला मांजरपाट, आणि खळीत मोरचूद, म्हणजे कसर लागत नाही. खंड पूर्वीसारखा सपाट उघडत नाही, पण पान गळत नाही. साहित्य आणि मजुरी मिळून एका खंडाला साडेतीनशे रुपये पडले. नऊ खंड झाले, उरलेल्या पैशात 'अस्मितादर्श'चे ते अकरा अंक एकत्र बांधले. गळालेल्या आठ पानांच्या जागी कोरी पाने घातली आहेत.

तुमच्याकडे जुने अंक असतील तर एकदा उघडून बघा, कदाचित त्या आठ पानांचा अंक तुमच्याच माळ्यावर असेल. आणि कुणाचे घर रिकामे होत असेल तर रद्दीवाल्याच्या आधी आम्हाला कळवा. आम्ही रविवारी दुपारी चारला विहारात असतो. गिरमिट दोन आहेत, माणसे कमी पडतात.

जय भीम.